‘बारव’ची तिसरी तबकडी

सावेडी, नगर
११ सप्टेंबर १९७२

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही राजूरच्या दवाखान्यात गेल्यापासून हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींत मी फक्त तब्येत विचारली, कारण मामी म्हणाली, आजारी माणसाला कामाचं लिहू नये. तुमचं उत्तर आलं त्यात तब्येतीची एक ओळ होती आणि बाकी सगळं कामाचं. म्हणून आज कामाचं लिहिते.

‘घागर’च्या टेपचे एकतीस तुकडे कपाटात ठेवले होते तसेच आहेत. प्रत्येक डबीवर तुमचा आकडा आहे. तुमच्या यादीप्रमाणे मी जोडायला घेणार आहे, पण हात धजत नाही. पहिल्या दोन तबकड्यांची जोडणी तुम्ही केली. मी शेजारी बसून पातं आणि चिकटपट्टी देत होते. त्या दुसऱ्यांच्या होत्या, एक तंत्रनिकेतनच्या सरांची, एक भिंगारच्या सुभेदारांची, तरी तुम्ही त्यांच्यासाठी जेवण विसरत होता. ही तुमची स्वतःची. सभासदांना असल्या आवाजांच्या तबकड्या पाठवायला ‘बारव’ काढून तीन वर्षं झाली आणि दर वेळी तुम्ही स्वतःला मागे ठेवलंत. आता तुमची पाळी आली तर जोडणी माझ्या हातात. चुकले तर काय करायचं, हे यादीत लिहिलेलं नाही.

दुकान चालू आहे. ट्रान्झिस्टर मी दुरुस्त करते, व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ तुम्ही येईपर्यंत ठेवून घेते. परवा एका गिऱ्हाइकाने मांडणीवरची आपली पहिली तबकडी उचलली आणि विचारलं, “यात कोण गातंय?” मी म्हटलं, कोणी गात नाही, वाद्यही नाही, हे यंत्रांमधून काढलेले आवाज आहेत. तो म्हणाला, “मंग बिघडलीय का?” मामी आतून म्हणाली, “न्हाई वो, नवीच तशी हाय.”

तो हसला. घेतली मात्र नाही.

कितव्या तुकड्यापासून सुरू करू ते कळवा. एकपासून, हे मला माहीत आहे. तरी कळवा.

तुमची
मनकर्णा

•

राजूर
२० सप्टेंबर १९७२

चि. मनू,

एकपासून सुरू कर.

भिऊ नकोस असं लिहीत नाही, कारण तू भिणारच. भिऊन काम करणाऱ्याच्या हातून काम नीट होतं. फक्त एका गोष्टीला एकदाच भी.

आता जे लिहितो ते मामीला वाचून दाखवू नकोस. डॉक्टर काल खाटेवर बसले. म्हणाले, इंजेक्शनांनी छाती सुधारते आहे, पण याच औषधाने काही जणांचे कान जातात. गेले की परत येत नाहीत. बंद करू का, असं विचारलं. मी विचारलं, बंद केलं तर? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मी म्हटलं, चालू ठेवा.

मला एकच हवं आहे. ‘घागर’ मी अजून अखंड ऐकलेली नाही. तुकडे हजार वेळा ऐकले असतील. लष्कराच्या लिलावातून आणलेली ती तीन यंत्रं मी किती रात्री पिळली ते मामीला विचार. पण सात मिनिटं एका दमात, पहिल्या खर्जापासून शेवटच्या शिळेपर्यंत, कधीच नाही. जोडायच्या आधी खोकल्याने इथे आणून टाकलं. टेपयंत्र इथे आणता येणार नाही, ते दोन माणसांना उचलत नाही आणि इथली वीज पाहुण्यासारखी येते. डॉक्टरांकडे बॅटरीवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आहे. तबकडी आली की त्यावर ऐकेन. कान आहेत तोवर एकदा ऐकली की पुरे.

दोन नियम तुला पाठ आहेत, तरी लिहितो. टेप ऐकून झाली की उलटी गुंडाळायची नाही. शेवटचं टोक बाहेर ठेवूनच डबीत घालायची. थरावर थर दाबून राहिले की आवाजाची सावली शेजारच्या थरावर पडते. टोक बाहेर असलं तर सावली आवाजाच्या मागून येते, नाहीतर आवाजाच्या आधी सावली ऐकू येते. डबीवर नेहमीची चिठ्ठी: ‘शेवट बाहेर आहे. आधी उलट गुंडाळून घ्या.’ मुंबईला तबकड्या छापतात त्या छापखान्यातला माणूस चिठ्ठी वाचतो आणि गुंडाळतो, तो भला आहे. दुसरा नियम, त्यांच्याकडून एक नमुना येतो तो तू पूर्ण ऐकायचा. ऐकल्याशिवाय पुढच्या छापू द्यायच्या नाहीत.

आसाराम

•

सावेडी, नगर
२ ऑक्टोबर १९७२

ती. मामांना नमस्कार.

जोडणी झाली. एकतीस तुकडे, तीस जोड. प्रत्येक जोड भिंगाखाली पाहिला. सतरावा दोनदा उकलून पुन्हा केला, कारण तिथे किंचित टक् असं वाजत होतं. आता वाजत नाही. म्हणजे मला ऐकू येत नाही. मामीलाही बसवून ऐकवलं, ती म्हणाली, “मला टक् न्हाई, काईच कळत न्हाई.”

मामा, मी अखंड ऐकली. हे तुमच्याआधी ऐकायला नको होतं असं वाटत राहिलं, पण तपासल्याशिवाय पाठवता येत नव्हती. मला आमच्या गावचा आड आठवला. अप्पा मला शाळेत घालत नव्हते तेव्हा तुम्ही सुट्टीत येऊन ओट्यावर पाटी शिकवत होता. एक दिवस पाटी बाजूला ठेवून आडावर नेलंत आणि आईच्या घागरीजवळ कान न्यायला सांगितलं. घागर रिकामी असताना आवाज जाड आणि भरत येते तसा बारीक होत चढतो. तुम्ही विचारलंत, डोळे मिटून सांग, कधी भरली. मी सांगितलं होतं. तेच या सात मिनिटांत आहे. खर्ज खालून येतो, मधे थेंब पडतात आणि प्रत्येक थेंब पडून विरत जातो, आवाज चढत चढत शेवटी शीळ होतो आणि थांबतो. भरली.

आज टेप मुंबईला रवाना केली. निघण्याआधी सगळं पुन्हा तपासलं. आता माझ्याकडून काही राहिलेलं नाही.

कान कसे आहेत ते खरं लिहा. मामीला काही सांगितलेलं नाही. ती आता रोज नळावर दोन तास उभी असते. नळाला पाणी करंगळीएवढं येतं.

तुमची
मनकर्णा

•

राजूर
१९ ऑक्टोबर १९७२

चि. मनू,

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. इथल्या आया राहीबाई यांनी तोडून आणलं. आपट्याला पानं कमीच आहेत यंदा.

खरं लिही म्हणालीस म्हणून खरं लिहितो. उजव्या कानात रातकिडा बसला आहे. दिवसाही ओरडतो. डावा चांगला आहे. राहीबाई उजवीकडून बोलल्या की मी डावीकडे वळतो, त्यांना वाटतं मी रुसलो. म्हणतात, “मास्तर, आमचं काय चुकलं व्हय?” इथे सगळे मला मास्तर म्हणतात. मी रेडिओवाला आहे हे पटत नाही त्यांना.

नमुना आला का? घाई कर असं म्हणत नाही. म्हणजे म्हणतोच आहे.

आसाराम

•

सावेडी, नगर
१ नोव्हेंबर १९७२

ती. मामांना नमस्कार.

छापखान्याचं पत्र आलं. कामाची गर्दी आहे, नेहमीपेक्षा उशीर होईल असं लिहिलं आहे. नमुन्याचं मी बघते, तुम्ही त्याची काळजी करू नका. लवकरात लवकर व्हावं म्हणून जे करता येईल ते केलं आहे.

मामी भाऊबिजेनंतर तुमच्याकडे येते आहे. तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दोन सदरे पाठवते. तिचा चुलतभाऊ पुंजाराम नगर-अकोले गाडीवर कंडक्टर आहे, तो तिला राजूरच्या गाडीत बसवून देईल. मला यायचं होतं, पण दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटेल, आणि तुम्हीच नको म्हणाला होता.

डाव्या कानाला जपा. कापूस घालत जा. कापसाने औषध थांबत नाही हे मला कळतं.

तुमची
मनकर्णा

•

राजूर
१५ नोव्हेंबर १९७२

चि. मनू,

मामी येऊन गेली. चटणी पोचली. ती पुष्कळ बोलली, मी पुष्कळ ऐकलं. बरं वाटलं.

कानांचं तसंच आहे, वाढलेलं नाही. त्याबद्दल आता दर पत्रात विचारू नकोस.

तुझ्याकडून एक काम हवं आहे. पत्रात रोजचे आवाज लिहीत जा. दुकानात काय वाजतं, रस्त्यावर काय, मामी काय बोलते ते तिच्याच शब्दांत. पुढच्या तबकडीसाठी विचार करतो आहे. यंत्रांपासून लांब राहिलं की कल्पना सुकतात.

आसाराम

•

सावेडी, नगर
२८ नोव्हेंबर १९७२

ती. मामांना नमस्कार.

मामी तिथून आल्यापासून गप्प होती. काल बोलली. म्हणाली, “तुज्या मामाचं मन उडालं माज्यावरून. मी घरचं सांगत हुते तर नुसते तोंडाकडं बघून हसत हुते. इचारलं, कवा सोडनार, तर म्हनले, चटनी लई झ्याक. म्हनलं, मी काय इचारते आन तुमी काय सांगता? तर पुन्ना हसले.” मामा, मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, आजारात माणूस असा होतो. पण तुम्ही तिच्याशी नीट बोलायला हवं होतं. ती पाच तासांचा प्रवास करून आली होती. मोठ्यांना असं लिहू नये, पण मला राहवलं नाही.

आवाज लिहायला सांगितलेत ते लिहिते.

सकाळी टँकर येतो. टँकरच्या आधी रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटतात, तो आवाज सगळ्यात मोठा. पाणी पडायला लागलं की सगळ्या बायका गप्प होतात. दुकानासमोरच्या लोहाराने भाता बंद केला आहे, त्यामुळे तिथे आवाज नाही. गेल्या आठवड्यात शेवगावकडे घरी जाऊन आले. आई-अप्पा दोघं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडतात. शंभर-दीडशे हातोड्या एकदम पडत असतात, पण एकही दुसरीशी जुळत नाही. तुम्ही असता तर अर्धा दिवस तिथे उभे राहिला असता. आईच्या हातोडीचा आवाज मला ओळखता आला नाही. प्रयत्न केला.

छापखान्याकडून अजून काही नाही.

तुमची
मनकर्णा

•

सावेडी, नगर
६ जानेवारी १९७३

ती. मामांना नमस्कार.

खोका आला. दोनशे तबकड्या. वरचा कागद तुम्ही सांगितला होता तसा साधा आहे, काळ्यावर पांढऱ्याने बारवेच्या पायऱ्या आणि खाली ‘घागर — आसाराम’. दुसरी बाजू कोरी ठेवली आहे, तुमच्या इच्छेप्रमाणे.

नगरला तीन दिवस वीज नाही. कपात आहे म्हणतात. त्यामुळे मी ऐकलेली नाही. पण पुंजाराममामा आज दुपारच्या गाडीला आहेत, पुन्हा आठवड्याने. तुमची प्रत थांबवून ठेवायला माझं मन घेईना. दोन पुठ्ठ्यांत बांधून त्यांच्या हाती दिली आहे. त्यांनी विचारलं, “काचंची हाय का?” मी म्हटलं, तसंच समजा. तिकिटाच्या पेटीशेजारी मांडीवर धरून नेतो म्हणाले.

मामा, ऐका. दुसरं काही लिहायचं सुचत नाही.

तुमची
मनकर्णा

•

सावेडी, नगर
१० जानेवारी १९७३
(हे टपालात टाकलेलं नाही.)

ती. मामा,

आज सकाळी वीज आली. मी तबकडी लावली.

पहिल्यांदा शीळ आली. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची तबकडी आपल्या खोक्यात आली. मग थेंब आला. थेंब पडून विरायला हवा. हा कुठून तरी मोठा होत होत आला आणि तुटला. तसेच सगळे. आवाज उतरत उतरत खर्जाला गेला आणि खर्जही बुडाला. मामी दारात भांडी घासत होती. म्हणाली, “ही तर सांडली की गं.”

मी विचारलं, काय?

“घागर. मागं तू लावायचीस तवा भरायची. आता आदी भरल्याली हुती, मंग रिती झाली.”

तीन वर्षं आपण मामीला हसलो की तिला यातलं काही कळत नाही.

तबकडी शेवटाकडून सुरुवातीकडे छापली आहे. दोनशेच्या दोनशे. छापखान्याचा काही दोष नाही. टेप पाठवायच्या दिवशी मी नियमाप्रमाणे शेवट बाहेर ठेवून ती डबीत घातली, चिठ्ठी लावली. मग मला भीती वाटली की त्या माणसाने चिठ्ठी वाचली नाही तर? म्हणून मी डबी उघडून टेप स्वतः उलटी गुंडाळली, सुरुवात बाहेर काढली. डबी बंद केली. चिठ्ठी काढायची राहिली. त्याने चिठ्ठी वाचली. तो भला आहे, त्याने सांगितल्याप्रमाणे उलट गुंडाळली, आणि शेवटाकडून वाजवत छापली. गाणं असतं तर त्याला कळलं असतं. आपलं ऐकून त्याला वाटलं असेल, हे असंच असतं.

अजून एक. नमुना मी मागवलाच नाही. तुमच्या कानातल्या रातकिड्याचं पत्र आलं त्याच दिवशी मी छापखान्याला लिहिलं की नमुना नको, थेट छापा, महिना वाचेल. तुम्हाला लिहिलं की नमुन्याचं मी बघते.

तुम्ही ती ऐकली असेल आता. एकदाच ऐकायची होती तुम्हाला, आणि मी ती सांडून पाठवली. उद्या हे टाकते. तुमचं पत्र त्याआधी येईल याची भीती वाटते.

•

राजूर
१२ जानेवारी १९७३

चि. मनू,

ऐकली.

डॉक्टरांनी स्वतः सुई ठेवली. राहीबाई आणि शेजारच्या खाटांवरचे तिघे भोवती होते. सुरुवातीचा खर्ज इतका हळू वर येतो की तो कधी सुरू झाला ते सांगता येऊ नये, तसंच झालं आहे. मी डोळे मिटून घेतले होते. थेंब पडतात आणि विरतात, त्यामधली जागा तू नेमकी ठेवलीस. शेवटची शीळ चढत जाऊन थांबली तेव्हा मी डोळे उघडले. राहीबाई डोळ्यांना पदर लावत होत्या. मला जे हवं होतं ते मिळालं. आता कान राहिले काय, गेले काय.

एक सांगू का? इतकं चांगलं काम झाल्यावर खोड काढणं बरं नाही, पण तुला खोटं कौतुक आवडत नाही. तिसऱ्या मिनिटाला पहिला थेंब पाव सेकंद लवकर पडतो असं वाटलं. अकरावा तुकडा. दोन इंच टेप जास्त कापली गेली का ते बघ. एवढंच.

सभासदांच्या प्रती गेल्या का?

आसाराम

•

(त्याच न टाकलेल्या पत्राच्या मागच्या बाजूला)
१७ जानेवारी

मामा, तुमचं पत्र आज आलं. मी ते उभ्यानेच वाचलं.

तुमच्या पत्रात घागर भरते. तबकडीत ती रिकामी होते. कानात थोडा जरी आवाज गेला असता तरी पहिल्या क्षणाला तुम्हाला शीळ ऐकू आली असती. तुम्हाला काहीच ऐकू आलेलं नाही. तुम्ही आठवणीतून लिहिलं आहे.

केव्हापासून? मामी दिवाळीनंतर आली तेव्हाच कान गेले होते का? ती विचारत होती आणि तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होता. आणि मी तुम्हाला लिहिलं की नीट बोलायला हवं होतं. मग नमुना टाळून मी जो महिना वाचवला तो कोणासाठी वाचवला? टेप परत आली आहे, कपाटात आहे, सरळ छापता येईल. पण मला ती तुमच्या कानांसाठी हवी होती.

अकरावा तुकडा मी पट्टीने मोजला. यादीत आहे तेवढाच आहे, एक सूतही कमी नाही. तुम्ही खोड काढलीत ती मला खरं वाटावं म्हणून. नुसतं कौतुक केलं असतंत तर मी शंका घेतली असती, हे तुम्हाला माहीत आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुम्हाला दोन गोष्टी कळतील, तबकडी उलटी आहे ही आणि तुमच्या कानांचं मला समजलं ही, आणि दोन्हींचं तुम्ही काही करू शकत नाही.

•

सावेडी, नगर
२४ जानेवारी १९७३

ती. मामांना नमस्कार.

तुम्हाला तबकडी आवडली हे वाचून मामीने देवापुढे साखर ठेवली. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. राहीबाईंच्या पदरापर्यंत आले तेव्हा तिने पुन्हा वाचायला लावलं.

तुमचा कान चुकत नाही. मी अकरावा तुकडा मोजला. दोन इंच जास्त कापले गेले आहेत. चूक माझी आहे. त्या दिवशी पातं बदलायला हवं होतं, बदललं नाही.

म्हणून सभासदांच्या तबकड्या मी अडवून ठेवल्या आहेत. चुकलेली वस्तू ‘बारव’च्या नावाने बाहेर जाऊ नये असं तुम्हीच शिकवलं. तुम्ही हो म्हणालात तर तो जोड नीट करून टेप पुन्हा मुंबईला पाठवते. खर्च दुकानातून जमेल. या दोनशे मी मोडून टाकीन. नाही म्हणू नका. इतकं एक माझं ऐका.

तुमची
मनकर्णा

•

राजूर
३ फेब्रुवारी १९७३

चि. मनू,

वेडी आहेस. पाव सेकंदासाठी दोनशे तबकड्या मोडतं का कोणी? मी ते उगाच लिहिलं. तू मोजायला बसशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती चूक मी माफ केली, आणि खरं म्हणजे आता मला वाटतं की थेंब तिथेच बरा आहे. त्यावर पुन्हा लिहायचं नाही.

तबकड्या याच आठवड्यात सगळ्यांना पाठव. नव्या छापून यायला चार महिने जातील, तेवढं थांबायला माझ्याकडे वेळ आहे का ते डॉक्टर सांगत नाहीत. मला आता लोकांची पत्रं हवी आहेत. ज्यांनी ‘घागर’ ऐकली त्यांना काय वाटलं ते मला त्यांच्या शब्दांत वाचायचं आहे. बरं-वाईट काहीही असो, मूळ पत्रं पाठव, तू उतरवून काढू नकोस. इथे सकाळी अकराला टपाल येतं. मी साडेदहापासून व्हरांड्यात बसतो. वाचणं अजून चांगलं जमतं.

मामीला सांग, चटणी संपली.

आसाराम

•

सावेडी, नगर
९ फेब्रुवारी १९७३

ती. मामांना नमस्कार.

तुमच्या आज्ञेप्रमाणे आज सगळी पुडकी पोस्टात दिली. पत्ते मी तीनदा ताडून पाहिले.

मनकर्णा

•

पाथर्डी
२१ फेब्रुवारी १९७३

व्यवस्थापक, ‘बारव’ यांस,

मी इथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे. तुमच्या पहिल्या दोन तबकड्या मला कळल्या नव्हत्या. सभासद झाले होते म्हणून ठेवल्या. तिसरी काल ऐकली. वर ‘घागर’ असं लिहिलं नसतं तरी मला कळलं असतं. भरलेली घागर थेंबाथेंबाने रिती होत जाते आणि शेवटी तळाचा घुमणारा आवाजही उरत नाही. माझ्या वर्गातल्या बावीस मुलींपैकी नऊ आईबापांबरोबर ऊस तोडायला गेल्या आहेत, पाच खडीवर. मी हे कोणाला सांगू शकले नव्हते. ज्यांनी हे केलं त्यांना यंदाचं सगळं दिसलं असलं पाहिजे. मी शेजारच्या बायकांना बोलावून पुन्हा लावली. एक जण मधेच उठून गेली. ऐकवत नाही म्हणाली.

आसाराम कोण आहेत मला माहीत नाही. माझं हे पत्र त्यांच्या हाती पडावं अशी इच्छा आहे. त्यांच्या कामाचं चीज झालं एवढं त्यांना कळावं.

रंगुबाई खेडकर

•

सावेडी, नगर
८ मार्च १९७३

ती. मामांना नमस्कार.

दोन सदरे आणि चटणी पुंजाराममामांबरोबर पाठवली आहे. मामी या वेळी तिखट कमी घालते म्हणाली, खोकल्यासाठी. ती पुढच्या आठवड्यात स्वतः येईल. मी तिला सांगितलं आहे की तिथे बोलू नकोस, नुसती शेजारी बस.

टँकर आता एक दिवसाआड येतो. लोहार गाव सोडून गेला. दुकानात ट्रान्झिस्टर येत आहेत, बातम्यांसाठी लोक दुरुस्त करून घेतात.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सभासदांकडून अजून एकही पत्र आलेलं नाही. यंदा लोकांचं चित्त ठिकाणावर नाही, म्हणून असेल. तुम्ही रोज व्हरांड्यात बसू नका, तिथे ऊन लागतं. आलं की त्याच दिवशी पाठवीन.

तुमची
मनकर्णा